एत्तोरेशेजारची जागा

स्पार्ताको नकार द्यायला आला होता, पण बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरल्यावर त्याला आधी दिसलं ते रिकामं टेबल.

गावात कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारच्या बायका भांडी घेऊन येतात आणि न बोलता ठेवून जातात. काल रखवालदार आर्तेमिओच्या घरी टेबल पुरलं नव्हतं. रश्शाचं पातेलं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावं लागलं होतं. इथे, त्याच गल्लीत थोडं वर, इदेआच्या टेबलावर चेस्टनटच्या पिठाची एक वडी होती. तीही वेराने, तिच्या मुलीने, घरीच भाजलेली.

इदेआ टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इस्त्री करत होती.

"बस," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कुणाचा शर्ट?"

"सिरिओचा."

तिच्या मुलाची शवपेटी खाली शहरातूनच बंद होऊन येणार होती आणि ती उघडायची नव्हती. न्यायाधीशाच्या कचेरीतल्या माणसाने हे स्पार्ताकोला सांगितलं होतं आणि तिलाही. स्फोटानंतर उघडण्यासारखं काही उरत नाही, हे तर संगमरवराच्या खाणीत राबणाऱ्या घराला कुणी सांगायला नको. त्याने खुर्ची ओढली.

"तुझी माणसं काय म्हणाली?"

"इदेआ, हे बघ…"

"सरळ सांग, दादा. गोल गोल बोलणं तुला कधी जमलं नाही."

"नाही म्हणाली."

"सगळी?"

"सगळी."

"तुल्लिओसुद्धा? त्याच्या पोरीला सिरिओने अख्खा उन्हाळा गणित शिकवलं. इथे, याच टेबलावर."

"तुल्लिओ आर्तेमिओच्या हाताखाली तयार झाला. काल पेटीची पुढची बाजू त्याच्या खांद्यावर होती. उद्या त्याच खांद्यावर तो…" त्याने वाक्य सोडून दिलं.

"बोल ना. कोण?"

"मला बोलायला लावू नकोस."

इदेआने शर्टाची बाही उलटवली. "तू सांगितलंस तर येतील. मुकादम आहेस त्यांचा."

"खाणीत मुकादम आहे. गल्लीत मला कोण विचारतं?"

दफनभूमी गावाच्या वर होती. तिथवर गाडी जात नाही, कारण वाट पायऱ्यांची, अरुंद आणि वळणांची. पेटी खांद्यावरच न्यावी लागते आणि सहा माणसं तरी लागतात. सोळा वर्षांपूर्वी एत्तोरेला, इदेआच्या नवऱ्याला, असंच नेलं होतं. वेळेआधी उडालेल्या सुरुंगाने तो गेला तेव्हा सगळ्या खाणी बंद झाल्या होत्या आणि सगळा डोंगर त्याच्या मागून चालला होता. त्याच्या शेजारची जागा इदेआने स्वतःसाठी राखून ठेवली होती. आता ती सिरिओला द्यायची, एवढंच तिचं मागणं होतं. पाद्री नको, भाषण नको, झेंडा नको. सहा खांदे हवे होते.

"आणि तू?" तिने विचारलं. "तू देशील खांदा?"

"मी मामा आहे त्याचा."

"ते मला माहीत आहे. मी विचारलं ते सांग."

"एकट्याच्या खांद्यावर पेटी जात नाही, इदेआ."

"दे की सरळ उत्तर," चुलीजवळून आवाज आला. आतेओ, त्या दोघांचा बाप, खुर्चीत विझलेली चिरूट धरून बसला होता. आतेओ म्हणजे नास्तिक; हे नाव ठेवतानाच त्याच्या बापाने देवाशी भांडण मांडलं होतं, आणि आतेओनेही पुढे मुलांना संतांची नावं कधी दिली नाहीत. मुलाला गुलामांच्या बंडाच्या पुढाऱ्याचं नाव, मुलीला नुसतं 'इदेआ', म्हणजे विचार. "बहीण विचारतेय. हो म्हण नाहीतर नाही म्हण."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. पोलिसांनी दोनदा नेलं मला. दारूच्या कोठीची किल्ली माझ्याकडे असते. सुरुंगाची दारू माझ्या कोठीतून गेली, वात माझ्या कोठीतून गेली, आणि तो साहेब मला विचारतो, भाच्याला तूच दिलीस का. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं!" त्याने टोपी टेबलावर आपटली. "दोन महिने संप चालला होता. वरच्या खाणी पुन्हा उघडायला कंपनी तयार झाली होती, तोंडाने का होईना. गुरुवारी याने जाऊन त्यांची कचेरी उडवली. आता फाटकावर बंदुका आहेत, आणि आमच्याशी बोलायला कुणी नाही. कामगारांसाठी केलं म्हणे! कोणत्या कामगाराला विचारलं होतं?"

"आर्तेमिओला तर नक्कीच नाही," आतेओ म्हणाला.

"कारंज्यावर त्याच्या गटाने पत्रक चिकटवलंय, वाचलंत? सिरिओ शहीद, सिरिओ योद्धा. खाली एक ओळ: एका रखवालदाराचा दुर्दैवी अंत. एका रखवालदाराचा! नावसुद्धा नाही. तीस वर्षं दगड फोडला त्या माणसाने, छाती धुळीने भरली म्हणून फाटकावर बसवलं त्याला. आणि हे तिकडे पिसाच्या विद्यापीठात बसून त्याला 'एक रखवालदार' म्हणतात."

"ते मी लिहिलेलं नाही," इदेआ म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मग माझ्यावर का ओरडतोस?"

 ज्याच्यावर ओरडायचं तो उद्या सकाळी बंद पेटीतून येणार होता. स्पार्ताकोने टोपी उचलली. इदेआने घडी घातलेला शर्ट पुन्हा उलगडला आणि पुन्हा इस्त्री सुरू केली.

*

वेराने जिन्यावरून सगळं ऐकलं होतं. मामा गेल्यावर ती मागच्या अंगणात आली. आजोबा द्राक्षाच्या मांडवाखाली उभे होते. पानं पिवळी पडली होती आणि त्यांना चिरूट पेटवता येत नव्हती. काडी विझायची, ते दुसरी काढायचे.

"आजोबा, तुम्ही मामाला सांगा. तुमचं तो ऐकेल."

"पन्नास वर्षांचा घोडा झाला. तो माझं कशाला ऐकतो?"

"मग त्याच्या माणसांना सांगा. तुमच्याकडून सुरुंग शिकलेली आहेत निम्मी."

"शिकलेली आहेत म्हणूनच नाही सांगत."

वेरा चोवीस वर्षांची होती, पिसात रसायनशास्त्र शिकत होती. भाऊ दोन वर्षांनी लहान, तिच्याच शहरात, तिच्याच खानावळीत जेवणारा. गेल्या हिवाळ्यापासून तो जेवताना बोलेनासा झाला होता. नंतर जेवायलाही येईनासा झाला. चार दिवस सगळे तिला एकच विचारत होते, तुला माहीत होतं का? तिला माहीत नव्हतं, आणि ते कुणाला खरं वाटत नव्हतं.

"चव्वेचाळीस साली तुम्ही पूल उडवलात," ती म्हणाली. "तो आम्हाला किती वेळा ऐकवलात? सिरिओ तर झोपायचाच नाही त्याशिवाय. तेव्हा कुणी तुम्हाला खांदा नाकारला असता?"

"पुलावर जर्मन होते."

"कचेरीत कंपनी होती. त्याच्या हिशोबात तेच जर्मन होते."

"हिशोब!" आतेओने काडी फेकली. "जर्मन रोज दोन गावं जाळत होते, पोरी. कंपनी हरामखोर आहे, माझ्या बापाच्या वेळेपासून आहे. पण हरामखोराला जर्मन म्हटलं की आपण डोंगरात लपलेले शूर होतो, आणि पहाटे उठून कामावर जाणारा आर्तेमिओ कुठे बसवायचा ते कळत नाही. तुझ्या भावाला ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी फक्त पुलाची गोष्ट सांगत राहिलो, कारण पोराला आवडायची."

वेरा मांडवाच्या खांबाला टेकली. मोठ्याने भांडायची तयारी करून आली होती ती. भांडायला समोर कुणी उरलं नाही.

"मला एक कळत नाही," ती म्हणाली. "वात त्याने कापली कशी? तुम्ही त्याला लहानपणी शिकवलं होतं. वात पेटवायची, पाठ फिरवायची, चालत जायचं. पळायचं नाही, कारण पळावं लागेल एवढी आखूड वात ठेवणारा सुरुंगवालाच नव्हे. बरोबर?"

"बरोबर."

"मग तो लांब असायला हवा होता. पोलीस म्हणतात दारू हातात उडाली. पण तो फाटकाजवळ सापडला, तिथल्या शोभेच्या शिळेच्या अलीकडे, तोंड शिळेकडे. हातात उडाली असती तर असा सापडला नसता. तो दूर जाऊन परत आला होता, आजोबा."

आतेओने तिच्याकडे पाहिलं. काडेपेटी त्याने खिशात ठेवली.

"परत कोण येतं?" तो म्हणाला. "पेटलेल्या वातीकडे आपल्यातलं कुणी परत येत नाही."

*

सकाळी शववाहिका चौकात आली आणि तिथेच थांबली. चौकापासून घरापर्यंत पेटी आणायला शहरातून आलेले दोघे, स्पार्ताको आणि वेरा होते. शहरातल्या माणसांनी मुलीला पेटी उचलू द्यायला कुरकुर केली. स्पार्ताको त्यांना एवढंच म्हणाला, "तुम्ही तुमची बाजू सांभाळा."

इदेआने पेटी टेबलावर ठेवायला लावली. इस्त्री केलेला शर्ट झाकणावर पसरला, बाह्या नीट बाजूला सोडल्या. मग ती खुर्ची ओढून बसली. तिला वाटलं होतं की पेटी घरात आली की रडू येईल. आलं नाही. ती झाकणाच्या स्क्रूंकडे बघत होती आणि तिला फक्त एवढंच वाटत होतं की वरची वाट उन्हात आहे तोवर निघायला हवं.

दारावर कुणी टकटक केली नाही. दार उघडंच होतं. कोरिन्ना आत आली.

आर्तेमिओची बायको. इदेआबरोबर नदीवर कपडे धुतलेली, तिच्या लग्नात तिच्या केसांत फुलं माळलेली. ती काळ्या कपड्यांत होती, इदेआही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं तेव्हा स्पार्ताको उठून उभा राहिला, मध्ये पडावं लागेल असं समजून.

"बस तू," कोरिन्ना त्याला म्हणाली. "मारायला नाही आले."

"कोरिन्नाकाकू, पाणी…" वेरा म्हणाली.

"नको ग. या घरातलं पाणी आज माझ्या घशाखाली उतरायचं नाही." तिने पेटीकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं. "इदेआ, मी दोन गोष्टींसाठी आले. एक आर्तेमिओने सांगितलीय म्हणून सांगते. दुसरी माझी आहे. आणि माफ करायला मी आलेली नाही, हे आधीच ऐकून ठेव."

"ऐकलं," इदेआ म्हणाली.

"इस्पितळात तो एक रात्र जिवंत होता. शुद्धीत होता. पोलिसांशी बोलला नाही, माझ्याशी बोलला. गुरुवारी दिवेलागणीला तो फाटकात बसला होता. त्याने शिंग ऐकलं."

"कोणतं शिंग?" स्पार्ताकोने विचारलं. "त्या दिवशी संप होता. कुणी सुरुंग लावलाच नाही."

"खरं शिंग नव्हे. हाताच्या ओंजळीतलं. आपली पोरं वाजवतात तसं. तीन लांब." कोरिन्नाने हात तोंडाशी नेले आणि पुन्हा खाली सोडले. "रस्त्यावरच्या कुणीतरी पोलिसांना सांगितलं; ते म्हणतात तो साथीदारांना इशारा होता. साथीदार कसले! सुरुंगाआधीची सूचना होती ती. तुझ्या पोराने वात पेटवायच्या आधी सूचना दिली, इदेआ. जशी खाणीत देतात. चोरून बाँब ठेवायला आला होता आणि शिंग वाजवल्याशिवाय त्याच्याने वात पेटवली गेली नाही."

चुलीजवळ आतेओ उठून उभा राहिला होता.

"आणि आर्तेमिओ?" त्याने विचारलं.

"आर्तेमिओने काय करावं? तीन लांब ऐकले की खाणीतला माणूस काय करतो?"

याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. विचार करायचा नाही. जवळची सगळ्यात मोठी शिळा गाठायची, तिच्यामागे बसायचं, कान झाकायचे. कंपनीच्या फाटकात एकच शिळा होती, शोभेसाठी उभी केलेली पांढरी शिळा. तिच्या आणि कचेरीच्या भिंतीच्या मध्ये सिरिओने दारू ठेवली होती, रस्त्यावरून जाणाऱ्याला दगड लागू नये म्हणून.

"तो शिळेमागे कडेला जाऊन बसला," कोरिन्ना म्हणाली. "आणि मग त्याला पोरगा दिसला, रस्त्यावरून परत धावत येताना. ओरडत होता, तिथे नाही, आर्तेमिओकाका, तिथे नाही, बाहेर या. आर्तेमिओ म्हणाला, मला ऐकू आलं नाही, मी कान झाकले होते, फक्त तोंड हलताना दिसलं. नंतर समजलं तो काय म्हणत होता." तिने श्वास घेतला. "म्हणाला, इदेआला सांग. तिचा पोरगा पळून गेला नाही."

इदेआने शर्टाच्या बाहीवर हात ठेवला. बाही हलकीच होती.

आतेओ भिंतीला धरून पुन्हा खुर्चीत बसला. आर्तेमिओला शिळेमागे बसायला त्यानेच शिकवलं होतं, आणि सिरिओला, सहा वर्षांच्या सिरिओला, बाप गेल्याच्या हिवाळ्यात, ओंजळीत शिंग वाजवायला.

"दोघांनीही बरोबर केलं," तो म्हणाला. मग आणखी हळू, स्वतःशीच, "दोघांनीही."

"हे मी माझ्या माणसांना सांगतो," स्पार्ताको म्हणाला. "आत्ता जाऊन सांगतो. तुल्लिओला सांगतो. हे ऐकल्यावर ते येतील. इदेआ, ते खांदा देतील."

"थांब," कोरिन्ना म्हणाली. "माझी गोष्ट राहिलीय."

ती आता इदेआच्या अगदी समोर आली. दोघींच्या मध्ये पेटी होती.

"परवा आर्तेमिओला ठेवलं ते तू पाहिलं नाहीस. तू आली नाहीस, ते बरोबरच केलंस. त्याची जागा रांगेत एत्तोरेनंतर आहे, तुझी राखलेली जागा सोडून लगेच. म्हणजे तू सिरिओला तिथे ठेवलंस तर तो दोघांच्या मधे येतो. मी रोज वर जाणार आहे, इदेआ. फुलं ठेवायला वाकले की माझं कोपर तुझ्या पोराच्या दगडाला लागणार. आज मी त्याचं नाव घेऊ शकते, कारण आर्तेमिओने घ्यायला सांगितलं. उद्या घेऊ शकेन की नाही, मला माहीत नाही. तू त्याला वर नेलंस तर कुणी अडवणार नाही, जागा तुझी आहे. मी फक्त मागायला आले. त्याला तिथे ठेवू नकोस."

 स्पार्ताको बहिणीकडे बघत होता. चार दिवस तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि आता, तो तुल्लिओच्या दारापर्यंत गेला की, ती तिला मिळणार होती.

"आई," वेरा म्हणाली, "बाबांच्या शेजारी…"

"माहीत आहे कुणाच्या शेजारी." इदेआ कोरिन्नाकडेच बघत होती. "दगडाला कोपर लागेल. मला ते सुचलंच नाही."

"तुला तुझा पोरगा दिसत होता. सुचणार कसं?"

"खाली शहरातल्या दफनभूमीत ठेवते त्याला," इदेआ म्हणाली. "आज. गाडी अजून चौकात आहे ना, दादा?"

"आहे. पण इदेआ, तुझी जागा? ती तर राहीलच, तू…"

"मीही खालीच येईन नंतर. तो तिथे कुणाला ओळखत नाही. एकटा राहायचा नाही."

"तुझी जागा मी मागितली नव्हती," कोरिन्ना म्हणाली. तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "एत्तोरेजवळची तुझी जागा, अगं, ती मी…"

"तू मागितली नाहीस. मी देतेय."

 कोरिन्नाने पुढे वाकून शर्टाची कॉलर, एका बाजूला मुडपली होती ती, सरळ केली, आणि निघून गेली.

*

या गावात माणसं वर जातात आणि दगड खाली. वेराला ते लहानपणापासून माहीत होतं, पण हे असं वाक्य तिच्या मनात त्या दुपारीच तयार झालं, शववाहिका चौकातून निघाली आणि उतारावर तिचं नाक खाली झुकलं तेव्हा. सिरिओ दगडांच्या वाटेने चालला होता.

मागे चौघंच होते. मध्ये आई, एका हाताला आजोबा, दुसऱ्या हाताला वेरा, एक पाऊल मागे मामा. तुल्लिओ खानावळीच्या दारात उभा होता, टोपी हातात. तो पुढे आला नाही आणि आतही गेला नाही. कारंज्यावरचं पत्रक कुणीतरी अर्धं फाडलं होतं.

पहिलं वळण आलं तसा स्पार्ताको त्यांच्यातून निघून गाडीच्या पुढे गेला. वेराला वाटलं ड्रायव्हरला काही सांगायला गेला असेल. तो गाडीच्या नाकासमोर उभा राहिला, तोंड गाडीकडे, पाठ उताराकडे, आणि दोन्ही तळवे वर केले. हळू. ड्रायव्हरने काच खाली केली आणि काहीतरी बोलला, पण स्पार्ताकोने ते ऐकलंच नाही. तो एक एक पाऊल मागे टाकू लागला.

"काय करतोय मामा?"

"शिळा उतरवतोय," आतेओ म्हणाला.

ट्रक येण्याआधी शिळा डोंगरावरून अशाच यायच्या. ओंडक्यांवर ठेवलेल्या, दोरांनी मागे ओढून धरलेल्या, इंच इंच सोडलेल्या. मुकादम शिळेच्या पुढे असायचा, तिच्याकडे तोंड करून उलटा उतरत. दोर तुटला तर पहिला तोच जायचा, म्हणून तिथे दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नसत. स्पार्ताकोने तरुणपणी ते काम केलं होतं. वेराने कधी पाहिलं नव्हतं.

तो मागे न बघता उतरत होता, टाचेने रस्ता चाचपत. वळण आलं की डावा हात बाहेर, मग दोन्ही हात छातीजवळ. ड्रायव्हरने काच वर केली होती. आता तो मुकाट्याने हाताकडे बघून गाडी वळवत होता. समोरून येणारा एक ट्रक बाजूला थांबला. स्पार्ताकोचे ओठ हलत होते, पण तो दोर सोडणाऱ्यांना हाका मारत होता की सिरिओला, ते इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं.

शेवटचं वळण संपलं आणि नदीकाठचा सरळ रस्ता लागला. इथून शहर दिसतं. गाडीला आता कुणी धरायची गरज नव्हती.

इदेआ वडिलांचा हात सोडून पुढे गेली, गाडीच्या कडेने, भावाजवळ.

"पुरे, दादा," ती म्हणाली. "सपाट लागलं."

स्पार्ताकोने मान हलवली. ऐकलं होतं त्याने. तळवे तसेच वर ठेवून तो मागे चालत राहिला.